पेन्शन येते, पाणी कोण देते?

मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्या माणसाच्या लक्षात खांब हे गाव राहतेच असे नाही. नागोठणे मागे पडलेले असते, कोलाड अजून यायचे असते आणि मध्येच एक नाका लागतो. चार दुकाने, उभ्या रिक्षा, एसटीची वाट पाहणारी माणसे आणि रस्त्याच्या कामाची धूळ. पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि ते इतकी वर्षे रेंगाळले की, इथल्या मुलांनी शाळेत जाताना पाहिलेले खड्डे त्यांना नोकरीला जातानाही पाहावे लागले. पण नाका सोडून आत वळले की रोहा तालुक्यातली भातशेतीची गावे सुरू होतात. पावसाळ्यात डोळ्यांचे पारणे फिटावे असा हिरवा रंग, आणि दिवाळी सरली की तीच जमीन कोरडी. एका पिकावर वर्ष निघत नाही, म्हणून इथला तरुण पिढ्यान्पिढ्या बाहेर पडत आला. कोणी मुंबईच्या गिरणीत गेला, पुढे कोणी धाटावच्या कारखान्यांत लागला आणि कोणी लष्करात भरती झाला.

या तिसऱ्या वाटेने गेलेल्यांची रायगडात मोठी परंपरा आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढले. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांना वीरमरण आले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हेही पलटणीतलेच. १८८६ मध्ये निवृत्त होऊन ते दापोलीस राहिले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवू लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीस होते. त्या काळी दापोलीच्या कॅम्पात पलटणीतल्या पेन्शनरांची वस्तीच होती. शेतजमीन नसलेल्या किंवा असून नसल्यासारखी असलेल्या कोकणातल्या माणसाला दरमहा येणाऱ्या त्या थोड्या रुपयांनी पाठीचा कणा दिला, हे आपल्या सामाजिक इतिहासात पुरेसे लिहिले गेलेले नाही.

पुतळ्याला हार घालता येतो. पण पलटणीतून जिवंत परत आलेला, सत्तरी-ऐंशी ओलांडलेला माणूस आणि त्याच्या मागे राहिलेली त्याची पत्नी यांचे म्हातारपण पुतळ्यापाशी जात नाही. ते पडवीतल्या खाटेवर जाते. त्या खाटेपाशी कोण असते, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

पेन्शनचे तीन दरवाजे

‘मिलिटरीवाल्याला काय कमी? त्याला पेन्शन आहे,’ असे गावात सहज म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. शिपायाला पेन्शन मिळण्यासाठी साधारणपणे पंधरा वर्षांची नोकरी पूर्ण व्हावी लागते. दुसऱ्या महायुद्धात भरती झालेल्या हजारो जवानांना युद्ध संपताच घरी पाठवण्यात आले. हातात थोडी रक्कम, छातीवर पदके आणि पेटीत डिस्चार्ज बुक, पण पेन्शन नाही. नंतरच्या काळातही काही ना काही कारणाने मुदतीआधी परतलेले जवान होतेच. अशा माणसाला गाव ‘मिलिटरीवाला’ म्हणूनच ओळखते. सरकारी दप्तरात मात्र तो पेन्शनर नसतो.

ज्यांना पेन्शन आहे त्यांच्या पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्याचेही तीन दर आहेत. निवृत्त होऊन घरी मरण पावलेल्या जवानाच्या पत्नीला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के (सुरुवातीची काही वर्षे वाढीव दराने), सेवेशी संबंधित कारणाने मृत्यू आल्यास ६० टक्के आणि रणांगणावर मृत्यू आल्यास शेवटच्या वेतनाइतके. खेड्यापाड्यातल्या बहुसंख्य सैनिकपत्नी पहिल्या दरात येतात. ‘वीरपत्नी’ म्हणून त्यांचा सत्कार होत नाही आणि वर्तमानपत्रात फोटोही येत नाही. नवरा सीमेवर असताना ज्यांनी एकटीने लावणी केली, सासू-सासऱ्यांचे केले, मुले वाढवली, त्या या बायका.

आणि जिथे पेन्शनच नाही, तिथे केंद्रीय सैनिक बोर्डाचे विपन्नावस्थेतले साहाय्य आहे. हवालदार दर्जापर्यंतच्या, पेन्शन नसलेल्या, पासष्ट वर्षांवरील माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला ते मिळते. ही रक्कम दरमहा ४,००० रुपये होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी ती दुप्पट, म्हणजे ८,००० रुपये करण्यास मंजुरी दिली. १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांना हा नवा दर लागू झाला. यासाठीचा पैसा ध्वजनिधीतून येतो. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला शाळेत, कचेरीत आपण जो छोटा कागदी झेंडा छातीला लावतो, त्याच्या डब्यातला तो पैसा. ही मदत मागायची ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. रायगडसाठी ते अलिबागेत आहे. खांबहून वडखळला जायचे, गाडी बदलायची आणि अलिबाग गाठायचे. तरुणाला हा अर्ध्या दिवसाचा प्रवास. गुडघे गेलेल्या आजीला तो दुसऱ्या मुलखात जाण्याइतका दूर.

पासबुक कोणाच्या हातात?

मी तीस-पस्तीस वर्षे बँकेत काढली. त्यातली बरीच कोकणातल्या शाखांमधून. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनर येत. लष्करातून आलेला पेन्शनर लांबून ओळखू येई. कपडे जुने, पण इस्त्रीचे. रांग कितीही लांब असो, तो रांग मोडत नसे. त्याची पत्नी मात्र नवरा गेल्यावरच प्रथम बँकेची पायरी चढलेली असे. ती कोणाबरोबर आली आहे आणि पासबुक कोणाच्या हातात आहे, एवढ्यावरून घरातल्या परिस्थितीचा अंदाज येई. पासबुक तिच्याच पिशवीत, रुमालात गुंडाळलेले असेल तर समजावे, आजीचे घरात चालते. पासबुक दुसऱ्याच्या खिशात आणि आजी बाकावर गप्प बसलेली असेल, तर अंगठा घेण्याआधी मी तिला उगाचच दोन प्रश्न विचारत असे. रक्कम तिला ठाऊक आहे ना, एवढे तरी तिच्या तोंडून ऐकावे म्हणून.

पेन्शनने या बायकांना घरात जागा दिली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. नातवाची फी, सुनेचे बाळंतपण, घरावरचे पत्रे हे सारे ‘आजीच्या पेन्शनीतून’ झालेले. ज्या म्हातारीला पेन्शन नाही तिला ‘जेवलीस का?’ असे विचारतात आणि जिला आहे तिला ‘काय जेवणार?’ असे विचारतात. हे वाक्य मला एका आजींनीच ऐकवले होते आणि त्या हसल्या होत्या.

पण त्याच आजींचे वय किती, हा प्रश्न आला की सारे अडते. नियम असा की ऐंशी वर्षे पूर्ण झाली की मूळ पेन्शनमध्ये २० टक्के वाढ होते. पंच्याऐंशीला ३०, नव्वदला ४०, पंच्याण्णवला ५० टक्के आणि शंभरी गाठली तर पेन्शन दुप्पट. कुटुंब निवृत्तिवेतनालाही हे लागू आहे. किमान ९,००० रुपयांची मूळ पेन्शन धरली तर ऐंशीव्या वर्षी १,८०० रुपये वाढतात, वर महागाई. आता पेन्शनच्या आदेशात, म्हणजे ज्याला सारे ‘पीपीओ’ म्हणतात त्या कागदात, पत्नीची जन्मतारीखच नसेल तर ऐंशी कधी झाली हे संगणकाला कसे कळावे? पूर्वी पुष्कळ कागदांत ती नसे. आजी सांगणार, ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला रांगत होता.’ भूकंप १९६७ चा, हे आपल्याला कळते. पण दप्तराला ते चालत नाही. चार वर्षे ही वाढ निसटली तर नुसते मूळ १,८०० धरूनही ८६,४०० रुपये होतात. पुढे कागद झाले तर थकबाकी मिळतेही. पण ऐंशीनंतरची चार वर्षे कोणालाही मागाहून मिळत नाहीत. मतदार ओळखपत्र, पॅन, आधार यांसारखे पुरावे आता ग्राह्य धरतात. तेव्हा ज्यांच्या घरी असा पेन्शनर आहे, त्यांनी आजच तो पीपीओ काढावा आणि पत्नीचे नाव, जन्मतारीख, शुद्धलेखन पाहून घ्यावे. ‘लक्ष्मीबाई’ आणि ‘लक्ष्मी’ यांच्यात घरी फरक नसतो, दप्तरात असतो. खातेही नवराबायकोचे संयुक्त असावे, म्हणजे पुढे तिला नव्या खात्यासाठी धावावे लागत नाही.

इस्पितळापर्यंत सोय, पुढे?

१ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना आली. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला सारे ‘ईसीएचएस’ म्हणतात. त्याआधी निवृत्त जवानाने लष्करी इस्पितळ गाठायचे, म्हणजे इथल्या माणसाने मुंबईतले ‘अश्विनी’ किंवा पुण्याचे कमांड हॉस्पिटल. या योजनेने दवाखाने उघडले, खासगी रुग्णालयांशी करार केले. पत्नी आणि विधवा यांनाही तिने सामावून घेतले. १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धविधवांना वर्गणीही माफ आहे. या योजनेमुळे असंख्य घरे कर्जातून वाचली, हे निःसंशय.

आता पुढचा प्रसंग पाहा. तो एकाच घरचा नाही, या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतला आहे. न्हाणीत पाय घसरून आजी पडते, खुबा मोडतो. कार्डावर शस्त्रक्रिया होते. आठवड्याने डॉक्टर म्हणतात, ‘घरी न्या.’ घरचे गाडी करून आणतात. त्या क्षणी इस्पितळाचा खर्च संपतो आणि घरचा सुरू होतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. अंग पुसायचे, भांडे द्यायचे, भरवायचे, रात्री हाक आली की उठायचे. मुलगा कल्याणला नाहीतर पनवेलला. दर शनिवारी येतो, रविवारी रात्री परततो. उरते ती सून. धाटावला कामाला जाणारी सून काम सोडते. तिच्या सुटलेल्या पगाराची नोंद कुठल्याही खात्यात होत नाही. आणि जिथे सूनही नाही, तिथे शेजारीण दोन वेळा डोकावते आणि मधल्या वेळात तांब्या हाताशी ठेवलेला असतो. आया ठेवावी तर शहरातले दर. पेन्शनचा मोठा भाग त्यातच जातो.

शुश्रूषेसाठी म्हणून सरकार काहीच देत नाही असे नाही. ‘कॉन्स्टंट अटेंडन्स अलावन्स’, म्हणजे सतत जवळ माणूस लागतो त्यासाठीचा भत्ता, नियमांत आहे. सातव्या वेतन आयोगानंतर १ जुलै २०१७ पासून तो दरमहा ६,७५० रुपये ठरला. तो घरच्या शुश्रूषेसाठीच आहे. सरकारी इस्पितळात दाखल असतानाच्या काळात तो मिळत नाही. पण तो शंभर टक्के अपंगत्वाची पेन्शन घेणाऱ्या आणि सतत मदतनीस लागतो असे वैद्यकीय मंडळाने ठरवलेल्या जवानालाच. कण्याला गोळी लागून कमरेखालचे शरीर गेलेल्यांना तो मिळालाच पाहिजे. अशांसाठी खडकीला १९७४ पासून पुनर्वसन केंद्रही आहे. मात्र वीस वर्षे बर्फात-वाळवंटात काढून घरी आलेला आणि पंच्याहत्तरीला पक्षाघाताने आडवा झालेला हवालदार या व्याख्येत बसत नाही. त्याची विधवा तर नाहीच नाही. म्हातारपणाने आणलेले अपंगत्व हे नियमाच्या लेखी कोणाचेच देणे नसते.

इतर देशांनी हा प्रश्न कसा पाहिला? अमेरिकेत युद्धकाळात सेवा केलेल्या, कमी उत्पन्नाच्या माजी सैनिकाला आंघोळ, कपडे, जेवण अशा रोजच्या गोष्टींसाठी दुसऱ्याचा हात लागत असेल, तर पेन्शनवर वेगळी रक्कम मिळते. महत्त्वाचे म्हणजे ती हयात असलेल्या विधवेलाही मिळू शकते. तिथे २०१० च्या कायद्याने एक पाऊल पुढे टाकले: जखमी सैनिकाची शुश्रूषा करणाऱ्या घरच्याच माणसाला विद्यावेतनासारखी मासिक रक्कम आणि प्रशिक्षण. प्रथम ही सोय नव्या युद्धांतल्या सैनिकांपुरती होती. २०२० पासून ती टप्प्याटप्प्याने जुन्या पिढ्यांपर्यंत नेण्यात आली. ऑस्ट्रेलियाने जानेवारी २००१ मध्ये माजी सैनिकांसाठी घरपोच देखभालीची योजना सुरू केली. ती सैनिकांच्या विधवांनाही खुली आहे. माणूस घरी येतो, केरवारा करतो, अंघोळीला हात देतो. त्या देशांची तिजोरी वेगळी, हे मान्य. पण मुद्दा पैशाआधी दृष्टीचा आहे. तिथे घरची शुश्रूषा हे काम मानले गेले. आपल्याकडे ते सुनेचे कर्तव्य मानले गेले आणि कर्तव्याला पगार नसतो.

कागद दारात आला

आपल्याकडे काहीच बदलले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. नोव्हेंबर महिना आला की पूर्वी हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जत्रा भरे. खुर्चीत बसवून, पाठुंगळीला घेऊन माणसे आणत. मी स्वतः फाटकाबाहेर उभ्या रिक्षात जाऊन अंगठे घेतले आहेत. १० नोव्हेंबर २०१४ ला ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय सोय सुरू झाली. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरी सेवा देण्याच्या सूचना बँकांना केल्या. नोव्हेंबर २०२० पासून टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन दारात येऊन दाखला करू लागला आणि २०२१ पासून मोबाइलवर नुसता चेहरा दाखवूनही तो होतो. ऐंशी ओलांडलेल्यांना एक ऑक्टोबरपासूनच तो देता येतो.

म्हणजे जी गोष्ट अशक्य वाटत होती ती झाली. कागद म्हाताऱ्या माणसाच्या दारात आला. वर्षातून एकदा का होईना, ‘आजी, तुम्ही आहात ना?’ हे विचारायला सरकार घरी पोहोचले. मग ‘आजी, तुम्ही कशा आहात?’ हे विचारायला महिन्यातून एकदा कोणी येणे अशक्य का असावे?

केरळने ते करून दाखवले आहे. अंथरुणाला खिळलेल्यांकडे शेजारपाजारचे स्वयंसेवक आणि परिचारिका घरोघरी जातात. स्थानिक स्वराज्य संस्था त्यात उतरल्या आहेत आणि २००८ मध्ये त्या राज्याने त्यासाठी धोरणही आखले. आपल्याकडे गावोगाव आशा कार्यकर्ती आहे, बचतगट आहेत, बारावी होऊन घरी बसलेल्या मुली आहेत. त्यांतल्या निवडक बायकांना उचलावे कसे, कूस कशी बदलावी, जखम कशी ओळखावी, एवढे शिकवले आणि दिवसाकाठी काही तासांचा रोख मोबदला दिला, तर दोन घरांची सोय होते: जिथे म्हातारी आहे त्या घराची आणि जिथे रोजगार नाही त्या घराची. अंगठा उठतो की नाही ते पाहण्यावर आपण जेवढी यंत्रणा उभी केली, तिचा थोडा भाग पाण्याचा तांब्या उचलता येतो की नाही ते पाहण्यावर खर्च करायला हरकत नसावी. सतत मदतीचा जो भत्ता नियमांत आहेच, तो ऐंशीपुढच्या, अंथरुणाला खिळलेल्या सैनिकाला आणि त्याच्या विधवेलाही लागू करावा, अशी मागणी माजी सैनिकांच्या संघटनांनी लावून धरायला हवी. समान पदाला समान पेन्शन मिळावी म्हणून त्या वर्षानुवर्षे झगडल्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याचा आदेश निघाला आणि तो १ जुलै २०१४ पासून लागू झाला. तो चिवटपणा इथेही कामी येईल.

हा प्रश्न कालचा नाही, उद्याचाही आहे. २०२२ पासून शिपाई म्हणून भरती होणारी मुले ‘अग्निवीर’ म्हणून चार वर्षांसाठी जातात. त्यांतले पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात. बाकीच्यांना एकरकमी पैसे मिळतात. पेन्शन आणि माजी सैनिकांची आरोग्य योजना मिळत नाही. त्या योजनेच्या लष्करी गुणदोषांची चर्चा तज्ज्ञांनी करावी. मला बँकेतल्या माणसाच्या नजरेने एवढेच दिसते की, चाळीस-पन्नास वर्षांनी याच गावांत पेन्शनच्या कागदाविना म्हाताऱ्या झालेल्या सैनिकांची एक पिढी पुन्हा असेल. महायुद्धातून परतलेल्या रिकाम्या हातांच्या जवानांची कहाणी आपल्याला ठाऊक आहे. ती दुसऱ्यांदा घडू द्यायची की नाही, हे ठरवायला अजून वेळ आहे.

मोठी धोरणे दिल्लीत ठरतील तेव्हा ठरतील. गावाला आपले काम आजही करता येईल. २६ जानेवारीला झेंडावंदन झाले की ग्रामसभा असते. झेंड्याला सलामी द्यायला गावातला जुना सैनिक बोलावतात, नारळ देतात, टाळ्या वाजवतात. त्याच सभेत गावातले सारे वृद्ध माजी सैनिक आणि त्यांच्या पत्नी यांची यादी करावी. अलिबागच्या कार्यालयात एक प्रत पाठवावी, एक आशा कार्यकर्तीजवळ ठेवावी. यादीत नाव, वय, पेन्शन क्रमांक, आरोग्य कार्ड हे रकाने असतीलच. आणखी एक रकाना आखून घ्यावा: रात्री जवळ कोण असते?